एलादियोचं पहिलं उड्डाण

सान तेल्मोच्या किनाऱ्यावर आकाशात घरघर झाली, की माणसं आधी वर बघायची नाहीत, एलादियो बुमाटायकडे बघायची. तो जाळं शिवत असो की कोंबड्याला दाणे टाकत असो, हातातलं काम थांबवून मान वर करायचा, डोळ्यांवर आडवा हात धरायचा आणि सांगायचा, "अमेरिकी. चार पंखे." किंवा, "आपलं आहे. दोन पंखे, पोट बारीक." कधी कधी नुसतंच, "ते." मग जो तो आपल्या कामाला लागायचा. 'ते' म्हणजे कोण हे विचारायची कुणाला गरज पडत नसे.

ही विद्या त्याने साबणाच्या पाण्यात कमावली होती. सुबिकला अमेरिकेचा नाविक तळ होता तेव्हा अठराव्या वर्षी तो तिथे विमानं धुवायला लागला. समुद्रावर गस्त घालून आलेल्या विमानाच्या अंगावर मीठ बसतं. ते त्याच दिवशी धुतलं नाही तर पत्रा खातं. लांब दांड्याचा ब्रश, गोडं पाणी, साबणाची बादली, आणि डोक्यावर विमानाचं पोट, अशी त्याची नऊ वर्षं गेली. बाकीचे लोक विमान तोंडावरून ओळखतात, एलादियो पोटावरून ओळखायचा. कुठल्या पोटाला किती भोकं, कुठे ठिगळ, कुठून तेल गळतं, सगळं त्याला पाठ. मात्र त्या नऊ वर्षांत एकदाही तो विमानात बसला नाही. धुणाऱ्याला कोण बसवून नेतो?

एकदा त्याने तिथल्या मुकादमाला विचारलं होतं, "ही रोज जातात, रोज परत येतात. करतात काय तिकडे?"

मुकादम म्हणाला, "काही करत नाहीत. काही करायची पाळी येऊ नये म्हणून जातात."

एलादियोने त्यावर बराच विचार केला, पण काही करायचं नसताना एवढं मीठ अंगावर कशाला घेऊन यायचं, ते त्याला उमगलं नाही. पुढे ज्वालामुखीचा डोंगर फुटला, राखेने छपरं बसली, अमेरिकी निघून गेले, आणि एलादियो बायकोच्या माहेरच्या होडीवर मासे मारायला लागला.

बायको पुरिंग. तिचा धाकटा भाऊ तेबान. होडी तेबानची, दोन्ही बाजूंना तोल धरणाऱ्या बांबूच्या लांब उलांड्या असलेली, देवळाच्या रंगकामातून उरलेल्या पिवळ्या रंगाने रंगवलेली. ती घेऊन गावातले लोक बाहुऱ्यावर जायचे. बाहुरा म्हणजे भर समुद्रात, किनाऱ्यापासून अठरा तासांवर, पाण्याखाली उभा असलेला प्रवाळाचा खडक. तेबानचा आजा तिथे जायचा, आज्याचा बाप शिडाने जायचा. आता काही वर्षं त्या खडकाच्या तोंडाशी परक्यांची मोठाली पांढरी जहाजं येऊन उभी राहिली होती. ती म्हणायची समुद्र आमचा. इकडचं सरकार म्हणायचं समुद्र आपला, कागद आपल्या बाजूने आहे. कागद आपल्या बाजूने होता आणि जहाजं त्यांच्या बाजूने होती. यात मासे कुणाच्या बाजूने ते काही कळत नव्हतं.

गुडघे धरल्यापासून एलादियो स्वतः जात नव्हता. पण एकोणसाठाव्या वर्षी त्याला जे घडलं, ते सगळं त्या बाहुऱ्यावरूनच घडलं.

सुरुवात तेबानपासून झाली. एका दुपारी तो बाहुऱ्याच्या दक्षिणेला गळ टाकून बसला होता. ढगातून एक विमान उतरलं आणि त्याच्या होडीच्या पुढ्यात, दोन माडांच्या उंचीवरून म्हणावं इतक्या खालून, जळते गोळे टाकून गेलं. तीन गोळे. पाण्यावर पडूनही ते जळत राहिले आणि धूर होडीवर आला. कुणाला इजा झाली नाही. पण त्या दिवसापासून तेबान घरातला पंखा लावला तरी दचकायचा.

"कुणाचं होतं?" एलादियोने विचारलं.

"मी पोट बघत बसलो नव्हतो मानोंग. मी उताणा पडलो होतो."

"उताणा पडलास म्हणजे पोटच दिसलं असणार."

"डोळे मिटले होते," तेबान म्हणाला. मानोंग म्हणजे थोरला भाऊ. तेबान बहिणीच्या नवऱ्याला तसंच म्हणायचा.

दोन आठवड्यांनी नौदलाची माणसं गावात आली. बास्केटबॉलच्या मैदानावरच्या पत्र्याखाली खुर्च्या मांडल्या, शंभर-सव्वाशे लोक जमले. बोलायला उभी राहिली ती एक तरुण बाई, लेफ्टनंट लिगाया माकाराएग. ती स्वतः गस्तीचं विमान चालवायची. तिने सांगितलं, बाहुऱ्यावर जाणं सोडू नका. तुम्ही गेला नाहीत तर पाणी रिकामं दिसतं, आणि रिकाम्या पाण्यावर कुणीही हक्क सांगतं. आम्ही दर आठवड्याला तुमच्या डोक्यावरून जातो. आम्ही आहोत हे त्यांना दिसलं की ते हात आखडता घेतात.

तेबान उठून म्हणाला, "मॅडम, त्यांना दिसत असेल. आम्हाला खालून कसं कळावं, कोणतं विमान धीर द्यायला आलंय आणि कोणतं पळवून लावायला? आवाज सारखाच असतो."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या एलादियोला कळतं. पोटावरून."

लेफ्टनंटबाईंनी एलादियोला पुढे बोलावलं, नकाशा पसरला, आणि होड्या नेमक्या कुठे कुठे असतात ते विचारलं. नकाशावर नुसते आकडे होते. एलादियोने सांगितलेली नावं निराळी होती. म्हातारीचा दात, उकळतं पाणी, दोमेंगचं दुकान. नावं सांगता येत होती, पण कागदावर बोट ठेवायचं म्हटलं की ते इकडे तिकडे फिरायचं.

"ताताय," बाई शेवटी म्हणाल्या, "तुम्ही आमच्याबरोबर वरूनच दाखवा ना."

ताताय म्हणजे बाबा. इतक्या आदराने कुणी वर न्यायला निघाल्यावर नाही म्हणणं एलादियोला जमलं नाही.

त्या दिवशी त्याने देवळात जायचा सदरा घातला. पुरिंगने केळीच्या पानात भात आणि सुका मासा बांधून दिला.

"वर गेल्यावर खिडकीबाहेर हात काढू नकोस," ती म्हणाली.

"विमान आहे ते, बस नव्हे."

"म्हणूनच सांगते."

धावपट्टीवर गेल्यावर एलादियो आधी विमानाखाली वाकला. सवयच ती. दोन पंख्यांचं छोटं करडं विमान. त्याने पोटावरून तळहात फिरवला आणि जिभेला लावला. खिळ्यांच्या ओळीत मीठ राहिलं होतं. "इथे नीट धुतलेलं नाही," तो तिथल्या मिस्त्रीला म्हणाला. मिस्त्री आधी रागावला, मग त्यानेही बोट लावून पाहिलं आणि फडकं आणायला गेला.

आत पाच जण. लेफ्टनंटबाई, त्यांच्या शेजारी दुसरा वैमानिक, एक रेडिओवाला, एक फोटो काढणारा, आणि मागच्या खिडकीशी एलादियो. विमान उठलं. किनारा सरकला, गाव विटेच्या तुकड्याएवढं झालं आणि संपलं. मग फक्त पाणी.

त्याला वाटलं होतं, वरून सगळं लख्ख दिसेल. झालं उलटंच. खाली असताना तो समुद्र वाऱ्याच्या वासावरून ओळखायचा, लाटेच्या ठोक्यावरून, मागच्या डोंगराचा कुठला खांदा पाण्यात बुडाला त्यावरून. वर ना वास, ना लाट, ना डोंगराचा खांदा. सपाट निळा पत्रा पसरलेला.

"ताताय, हे कोणतं?" बाईंनी कानातल्या यंत्रातून विचारलं.

"हे... म्हातारीचा दात."

"मघाशीही तुम्ही म्हातारीचा दातच म्हणालात."

"मघाचा नसेल मग." त्याचे कान गरम झाले. तीस वर्षांचं पाणी, आणि आपल्याला अंगण ओळखू येईना, याची त्याला लाज वाटली. जेवणाची पुरचुंडी मांडीवर होती. तिचा वास सगळ्या विमानात भरला होता आणि तेवढीच एक गोष्ट त्याच्या ओळखीची होती.

मग बाहुरा दिसला. तो मात्र चुकण्यासारखा नव्हता. फिकट हिरवं कडं, मध्ये दुधाळ पाणी, आणि तोंडाशी पांढरी जहाजं, तांदळाचे चार दाणे सांडावेत तशी. त्याच क्षणी रेडिओवर एक आवाज आला. इंग्रजी, सावकाश, अगदी सभ्य. तुम्ही आमच्या हद्दीजवळ आला आहात, गैरसमज टाळण्यासाठी ताबडतोब दूर व्हा.

रेडिओवाल्याने पुढ्यातलं जाड कागदाचं कार्ड उचललं आणि वाचलं. आम्ही आमच्याच हद्दीत नेहमीच्या उड्डाणावर आहोत.

आवाज पुन्हा आला. रेडिओवाल्याने पुन्हा वाचलं. असं पाच वेळा झालं. चौथ्या वेळी त्याने गालात एक गोळी सरकवली आणि गोळी तशीच ठेवून वाचलं.

"तो रागावलाय का?" एलादियोने विचारलं.

"नाही हो ताताय. तोही वाचतोय."

"मग तुमच्यातलं कोण कुणाचं ऐकतं?"

रेडिओवाला हसला आणि त्याने खांदे उडवले. एलादियोला हसू आलं नाही. दोघे एकच वाक्य एकमेकांना सांगत होते, माझ्या घरातून जा. दोघेही शांतपणे. आणि कुणी जात नव्हतं. मुकादमाचं बोलणं त्याला आठवलं. हेच का ते, काही करायची पाळी येऊ नये म्हणून करायचं ते?

इतक्यात दक्षिणेकडे होड्या दिसल्या. आठ. पाण्यावर बसलेल्या कोळीकिड्यांसारख्या, उलांड्या पसरून. त्यातली एक पिवळी. एलादियो खिडकीला नाक लावून बसला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला खात्रीने काहीतरी कळलं होतं.

"ती आमच्या तेबानची," तो म्हणाला. "मॅडम, खाली जाता येईल का? जरा खाली. त्यांना वाटतं आपलं कुणी येत नाही. दिसू दे त्यांना."

बाई शेजारच्या वैमानिकाशी काहीतरी बोलल्या. त्याने मान डोलावली. विमान वळलं, सूर्य पाठीशी घेऊन खाली उतरलं आणि होड्यांवरून एक फेरी मारली. एलादियोने दोन्ही हात काचेवर आपटून हलवले. पिवळ्या होडीवर एक माणूस उभा राहिला, त्याचे हात वर गेलेले त्याने पाहिले. मग होड्या सुटल्या. आठही होड्या निरनिराळ्या दिशांना, मागे पांढऱ्या रेघा ओढत.

"बघा," एलादियो म्हणाला, "खूश झाले."

फोटोवाल्याने फोटो काढले. येताना एलादियोने भात-मासा सगळ्यांना वाटला, आणि लेफ्टनंटबाईंनी एका हाताने विमान धरून दुसऱ्या हाताने खाल्ला.

संध्याकाळी दूरचित्रवाणीवर त्यातलाच एक फोटो आला. निळं पाणी, आठ पांढऱ्या रेघा. निवेदक सांगत होता, आपलं विमान डोक्यावर येताच मच्छीमारांना नवं बळ मिळालं. पुरिंगच्या ओसरीवर गर्दी झाली. एलादियोने म्हातारीचा दात चुकल्याची गोष्ट कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या परत आल्या. तीन दिवस लवकर, आणि पेट्या जवळजवळ रिकाम्या. सात आल्या, आठवी दुपारी दोरीने ओढत आणली. ती गावातल्या दोमेंगची होती. पळताना दुसऱ्या होडीवर आदळून तिची डावी उलांडी मोडली होती आणि दोमेंग दोन तास त्या बांबूला धरून पाण्यात होता. तेबानने नांगराची दोरी कापली होती, जाळं तिथेच राहिलं होतं. घाईत सुरी घसरून तळहात चिरला होता, त्यावर त्याने बनियन गुंडाळलं होतं.

ते सगळे सरळ एलादियोच्या ओसरीवर आले.

"मानोंग," तेबान म्हणाला, "काल परत आलं. या वेळी अगदी अंगावर. तूच सांग, कुणाचं ते?"

एलादियोने नेहमीसारखं विचारायला सुरुवात केली. "पंखे किती?"

"चार," दोमेंग म्हणाला.

"कसले चार," तिसरा म्हणाला, "पंखे नव्हतेच, जेट होतं."

"रंग?"

"काळं," तेबान म्हणाला. "सूर्य त्याच्या मागे होता. काळंकुट्ट. मी वेळच घालवला नाही. उठलो, डोक्यावर हात घेतले, आणि म्हटलं आता गोळे पडणार."

एलादियोच्या हातातली जाळं शिवायची सुई थांबली.

"किती वाजता?"

"साडेनऊ असतील."

पुरिंग आतून कॉफी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं, बहुधा त्याच्याही आधी.

"आपलं होतं," एलादियो म्हणाला.

"आपलं कसं? तू बघितलंस कुठे?"

"मी आत होतो."

तेबान त्याच्याकडे असा बघत राहिला, जसा माणूस ओळखीच्या घराचा नंबर चुकल्यावर दाराकडे बघतो.

"तू आत होतास."

"मीच त्यांना खाली जायला सांगितलं. तुम्हाला धीर यावा म्हणून. मी हात केला, तेबान. दोन्ही हातांनी केला."

पुरिंगने कॉफीचे पेले खाली ठेवले. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं हात आवर म्हणून." तिचं बोलणं थट्टेचं होतं पण आवाज थट्टेचा नव्हता. तिने भावाचा हात हातात घेतला आणि बनियन सोडायला लागली.

त्याच दिवशी तेबानच्या मुलीने फोनवर काहीतरी वाचून दाखवलं. पलीकडच्या बाजूनेही बातमी दिली होती, पांढऱ्या जहाजांवरून काढलेल्या फोटोसकट. त्याच आठ पांढऱ्या रेघा. खाली लिहिलं होतं, इशारा दिल्यावर होड्या आपण होऊन निघून गेल्या.

"म्हणजे आम्ही त्यांना घाबरून पळालो?" दोमेंगने विचारलं.

"इथल्या बातमीत तुम्हाला बळ आलंय," ती म्हणाली.

"मला उलट्या आल्या," दोमेंग म्हणाला. "ते कुणी छापलं नाही."

तेबान पुढचे दहा दिवस एलादियोशी बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. एलादियो रोज सकाळी दोमेंगच्या होडीपाशी जायचा, नवा बांबू तासायचा, उलांडी बांधायचा. हात चालू असायचे आणि डोकं भलतीकडेच. तळावर धुतलेली ती विमानं त्याला आठवायची. नऊ वर्षं. त्यांच्या अंगावरचं मीठ कुठल्या पाण्याचं होतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्या पाण्यावरही कुणी होडीत उभं राहून डोक्यावर हात घेतले असतील का? आणि वरच्या माणसाला वाटलं असेल, हात केला?

लेफ्टनंटबाईंना कळलं तेव्हा त्या गणवेशाशिवाय आल्या, मोटारसायकलवर मागे बसून. दोमेंगच्या होडीजवळ वाळूत बसल्या.

"त्या दिवशी मी फार आनंदात होते, ताताय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आज आपला कुणालातरी उपयोग झाला."

"मलाही."

"आपण खाली गेलो ते जहाजवाल्यांनाही दिसावं म्हणून. आपलं लक्ष आहे हे."

"दिसलं ना त्यांना. आपलीच माणसं पळताना दिसली." एलादियोने बांबूवरून हात फिरवला. "मला एक सांगा मॅडम. यात वचक कुणाचा कुणावर बसला?"

बाईंनी प्रामाणिकपणे नकारार्थी मान हलवली. "दर बैठकीत हाच प्रश्न असतो. तिथे तक्ते असतात, बाण असतात. मी लिहून घेते आणि बाहेर पडल्यावर वही उघडली की समजत नाही."

जाताना त्यांनी पुन्हा बरोबर यायचं आमंत्रण दिलं. या वेळी खाली जायचं नाही, शब्द दिला. एलादियो म्हणाला, एकटा येणार नाही. तेबान आला तर येईन.

हे निरोपाने तेबानला कळलं. तो दुपारी आला, दोमेंगच्या होडीला टेकून उभा राहिला. हाताची जखम भरत आली होती.

"मला कशाला वर न्यायचं?"

"मला शिव्या द्यायच्यात ना तुला. तिथे कानाला यंत्र लावतात. सगळ्यांना ऐकू जातील."

तेबानने बांबूचं दुसरं टोक धरलं. "गाठ सैल आहे तुझी," तो म्हणाला, आणि दोघांनी मिळून ती आवळली.

महिन्याने दोघे मेव्हणे वर गेले. तेबानला अर्ध्या तासात ओकारी झाली. मग तो खिडकीशी बसला आणि हळूहळू शांत झाला. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. रेडिओवर तोच सभ्य आवाज येऊन गेला, तेच कार्ड वाचलं गेलं.

"हा म्हातारीचा दात," तेबान म्हणाला. मग थोड्या वेळाने, "नाही. हाही नाही." त्याने एलादियोकडे वळून पाहिलं. "मानोंग, इथून काहीच कळत नाही."

"मला वाटलं, मलाच कळत नाही."

"कुणालाच कळत नसणार. यांच्याकडे निदान आकडे आहेत."

विमान ठरल्याप्रमाणे उंचावरच राहिलं. दक्षिणेला होड्या होत्या, सहा किंवा सात. दोघांनीही खिडकीशी हात नेले नाहीत. होड्या जागच्या जागी होत्या. मग त्यातल्या एकीमागे एक पांढरी रेघ उमटली आणि लांबत गेली.

"तो बघ, पळाला," तेबान म्हणाला. "कोण आहे तो?"

एलादियोने डोळे बारीक केले. होडीचा रंग त्या उंचीवरून दिसत नव्हता. तो पळत होता, की मासा लागला म्हणून चालला होता, की घरी निघाला होता, काही सांगता येईना.

"खाली गेल्यावर विचारू," तो म्हणाला.

तेबानने मान डोलावली. मग त्याने एलादियोच्या मांडीवरची पुरचुंडी आपल्याकडे ओढली, पान उघडलं आणि मोठा मासा मेव्हण्याच्या वाटणीला ठेवला.